शेवटचा रकाना
गणपतीच्या नैवेद्याचा स्वयंपाक कोणाकडे सोपवायचा, हे ठरवायला मंडळाच्या अरुणाताईंनी मला टोकियोच्या कोतो भागातल्या मराठी कुटुंबांची यादी करायला सांगितली होती. नाव, मजला, फोन आणि त्यांनीच सुचवलेला शेवटचा रकाना, ‘आपल्यातले?’ शेजारच्या हेल्गा-सान चहाला आल्या होत्या. जपानी नवरा गेल्यावरही टोकियोतच राहिलेल्या म्हाताऱ्या जर्मन बाई. स्क्रीनवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “इथे काय भरतेस?” “जात,” मी हसले. “फक्त स्वयंपाकापुरती हो. एरवी आम्ही काही मानत नाही.” त्या उठून घरी गेल्या आणि एक पिवळं पडलेलं कार्ड घेऊन आल्या. त्याला बारीक भोकं होती. “नाझी सत्तेवर आले त्या वर्षी जनगणना झाली. माझी आई बर्लिनमध्ये प्रत्येक माणसाच्या अशा कार्डाला माहितीची भोकं पाडायची. त्यातलं एक धर्माचं. तीही म्हणायची, फक्त मोजणीपुरतं. पुढे माणसं न्यायला ट्रक आले, तेव्हा कोणाला न्यायचं हे त्यांना विचारावं लागलं नाही. बारा वर्षांत नाझी संपले. आई जिवंत होती. आमच्या गल्लीत त्या भोकातलं कोणी उरलं नव्हतं.” त्या गेल्यावर मी तो रकाना पुसला, यादी पाठवली आणि मला हलकं वाटलं. लगेच अरुणाताईंचा फोन आला. “रकाना काढलास ते बरंच केलंस गं, उगाच कोणी दुखावलं असतं,” त्या म्हणाल्या. “आडनावं आहेतच की.”