मंजुळाबाईंच्या मापाची मूठ

या, असे पुढं सरका. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. देव रागावायचा नाही. छोटीशी गोष्ट सांगायची आहे. आज दुपारचीच, सायली नावाच्या कारखान्यांच्या गावातल्या एका चाळीतली.

गोकुळ पहिल्या पाळीवरून साडेतीनला खोलीवर आला, तेव्हा त्याचे डोळे मिटत होते. कारखान्यात तो फिटर, आणि घरी चाकूवाला. भंगारातून करवतीचं मोडकं पातं, कुलपातली स्प्रिंग, पितळेचे खिळे असं काय काय शोधून आणायचं आणि ज्याला त्याला मनाजोगी मूठ बसवून खिशातला चाकू करून द्यायचा, हा त्याचा नाद. आता जरा पाठ टेकावी म्हणून त्यानं चटई ओढली, तर दारात शेजारच्या मंजुळाबाई. उजवा हात नेहमीसारखा पदराखाली.

"झाला का रे गोकुळ?"

"झाला, मावशी." त्यानं चाकू स्टुलावर ठेवला. धारेची वस्तू हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात.

आठ दिवस रोज पाळी संपवून त्यानं ती शिसवीची मूठ घासली होती. तेल पाजून काळीभोर केली होती. अंगठ्यानं उघडता यावं म्हणून पात्याला पितळेची बारीक खुंटी बसवली होती.

मंजुळाबाईंची तीन बोटं प्रेस मशीनखाली गेली, त्याला पाच महिने झाले. उरली करंगळी आणि अंगठा. आता पॅकिंगमध्ये एक जागा होती, खोक्यांच्या प्लास्टिकपट्ट्या कापायची. उघडं पातं जवळ ठेवायला बंदी, मिटता चाकूच हवा. डाव्या हातानं त्यांनी करून पाहिलं होतं. पट्टी राहायची बाजूला, खोकंच फाटायचं. सुपरवायझर कल्पेशभाईंनी आज सकाळी आपल्या गुजराती-हिंदीत सरळ सांगितलं होतं, "मासी, काले ट्रायल आपो. कट झाली तो पॅकिंग, नहीं तो गाव." म्हणजे उद्या पट्टी कापून दाखवायची, नाहीतर गावी परत.

मंजुळाबाईंनी पदराआडूनच चाकू उचलला. अंगठा खुंटीवर टेकवला. पातं टक्कन उघडलं.

"अगं बाई! हा तर सलाम ठोकतो!"

गोकुळनं बाजेच्या पायाला पॅकिंगची पट्टी ताणून बांधली. त्यांनी ती डाव्या हातानं धरली, उजव्यानं जोर दिला. मूठ तळव्यात गर्रकन फिरली आणि चाकू फरशीवर पडला.

पुन्हा उचलला. पुन्हा पडला.

"कुणाच्या मापानं केलीस रे?"

गोकुळ चटईकडं बघत म्हणाला, "माझ्याच. तीन बोटं दुमडून वरून चिकटपट्टी लावली होती."

"दुमडून? अरे बाबा, तुझी बोटं दुमडली तरी आत आहेत ना! मुठीला आतून टेकू देतात. माझ्याकडं टेकू कुठाय?"

"मग काय करू? हात दाखवा म्हणून तुम्हाला कसं म्हणणार?"

मंजुळाबाई उंबऱ्यावरच बसल्या. चिडायलाही त्राण लागतं.

"पाच महिने झाले. नळावर, दुकानात, सगळे माझ्या तोंडाकडं बघून बोलतात. हाताकडं कुणी बघत नाही. लई सांभाळता रे तुम्ही लोक. या सांभाळण्यात उद्या माझी नोकरी जाईल."

मग त्यांनी पदर बाजूला केला आणि हात स्टुलावर ठेवला. उताणा.

"बघ."

गोकुळनं बघितलं. गुलाबी, ताणलेली कातडी. आत वळलेली करंगळी.

"ही सरळ होत नाही?"

"नाही."

"दुखते?"

"पहाटे दुखते." हे त्यांना अजून कुणी विचारलंच नव्हतं.

गोकुळनं कानस घेतली. आठ दिवसांची चकाकी पाच मिनिटांत उतरली.

"अरे, एवढी देखणी होती..."

"देखणी होती, पण धरता कुठं येत होती, मावशी?"

नळाची गळती बुजवायचं एम-सील त्यानं मळलं आणि मुठीवर जाड थापलं. मंजुळाबाईंच्या तळव्याला खोबरेल लावलं, मूठ त्यात ठेवली आणि वरून आपल्या दोन्ही हातांनी त्यांचा हात दाबून धरला.

"घट्ट होईस्तोवर हलू नका."

"किती वेळ?"

"अर्धा-पाऊण तास."

बाहेर कारखान्याची रिकामी बस निघून गेली. थोड्या वेळानं मंजुळाबाईंनी काहीतरी विचारलं आणि मान वळवून पाहिलं. गोकुळ भिंतीला डोकं टेकवून बसल्या बसल्या झोपला होता. हात मात्र सोडला नव्हता. त्यांच्या खांद्याला कळ लागली, पायाला मुंग्या आल्या, पण त्या हलल्या नाहीत.

पाऊण तासानं त्यांनी हळूच हात सोडवून घेतला. मूठ राखाडी, ओबडधोबड झाली होती. त्यात करंगळीला एक घळ होती, आणि बोटं नव्हती तिथं भरीव उंचवटा.

त्यांनी बाजेला बांधलेली पट्टी धरली, जोर दिला.

मूठ फिरली नाही. पट्टीचे दोन तुकडे झाले.

गोकुळ जागा झाला नाही. त्यांनीही त्याला उठवलं नाही. कोपऱ्यात पिवळ्या पट्टीचं भेंडोळं पडलं होतं, ते ओढून घेतलं आणि एकेक तुकडा बांधून कापत राहिल्या, फरशी पिवळी होईपर्यंत.

ट्रायल उद्या सकाळी आठला आहे, मंडळी. तेव्हा तुम्ही देवापुढं असाल. दोन्ही हात जोडाल, दहाही बोटं जुळतील, तेव्हा क्षणभर मंजुळाबाईंची आठवण काढा.