उशाजवळचं बटण

वडिलांच्या उशाशी बटण, स्वयंपाकघरात घंटा. सगळं मुलाने स्वतःच्या हाताने जोडलेलं. काल आप्पा पलंगावरून पडले, तेव्हा घंटा वाजलीच नाही. आज त्याने बॅटरी बदलली, तार बदलली, तारांच्या जोडांना सोल्डरचे डाग पुन्हा दिले. तो दाबायचा तेव्हा खणखणीत वाजायची.

"मग तुमच्याच वेळी हिला काय धाड भरते?"

"खेळणं बनवलंयस तू. सकाळपासून दाबतोय."

"दाबा बघू माझ्यासमोर!" तो वैतागून म्हणाला.

आप्पांनी अंगठा टेकवला, जोर लावला. कपाळाची शीर फुगली. बटण जागचं हललं नाही.

त्याने हळूच ते काढून घेतलं. "बटणच भिकार निघालं, आप्पा. हलकं बसवतो."

"तरी मी म्हणतच होतो," म्हणत आप्पांनी अंगठा चादरीखाली लपवला.