चालू यंत्र

अनुदानाची तपासणी करणारे साहेब पोचायच्या आत दीर घण घेऊन शेडमध्ये घुसला. ती मिरची कांडप यंत्राला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला हो, वहिनी! यंत्र मोडलं, की तुझं अनुदान बुडालं आणि मसाल्याचा धंदाही. मग शेड माझी."

"आधी मला मोडा, भाऊजी."

त्याने घणाचा दांडा तिच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. कोसळताना तिचा हात यंत्राखालच्या तिखटाच्या परातीत गेला. तिने मूठभर तिखट त्याच्या डोळ्यांत फेकलं.

दीर किंचाळत लोळत असतानाच साहेब शिंकत आत आले. "अहो, मी फक्त यंत्र चालतं का ते बघायला आलोय!"

तिने पदराने रक्त पुसलं. "सकाळीच कुटलेली लवंगी आहे, साहेब. यांनाच विचारा."