अठ्ठेचाळीस किलोचा भुजंग

वारंगा फाट्यावर जीपचं मागचं चाक बसलं, आणि बसलं तेही नेमकं 'भुजंग टायर्स' या पाटीसमोर. भागवत सरांच्या तोंडचं पाणी पळालं. हिंगोलीला जाता-येता ते एसटीत मुद्दाम पलीकडच्या खिडकीशी बसत आले होते. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. सरांचा गोटा चाकाखाली आला.

"सर, भुजंग म्हंजी तुमचा भुजंग का?" शीतलनं पाटी वाचून विचारलं.

डोंगरकड्याच्या शाळेत सरांकडे बॉक्सिंग शिकणाऱ्या प्रत्येक पोरीला हा भुजंग तोंडपाठ होता. अठ्ठ्याण्णव साल, परभणीला जिल्ह्याची फायनल, वजनगट अठ्ठेचाळीस किलो. तिसरा राउंड, सरांचा उजवा हुक, आणि शिरड शहापूरचा भुजंग आडवा! गोष्ट संपली की सर ठरलेलं वाक्य टाकायचे, "आमच्या टायमाचं अठ्ठेचाळीस किलो लोखंडाचं होतं. तुमचं मुरमुऱ्याचं."

खरं सांगायचं तर तो हुक कोणाला लागलाच नव्हता. फायनलच्या सकाळी भुजंगला भूक आवरली नाही. आईनं बांधून दिलेल्या दोन दशम्या त्यानं खाल्ल्या आणि काट्यावर तो तीनशे ग्रॅम जास्त भरला. पंचांनी त्याला बाद केलं. रिंगमध्ये सरांचा हात वर झाला, तेव्हा समोर कोणीच नव्हतं. पहिल्या वर्षी सरांनी गोष्टीत एक राउंड घातला. मग दुसरा, मग तिसरा. आता तर कधीकधी तो हुक त्यांना स्वतःच्याच मनगटात जाणवायचा.

नुसतं हसं झालं असतं तर सरांनी ते पचवलंही असतं. पण शीतलशेजारी बसलेली वैष्णवी आज हिंगोलीच्या स्पर्धेत अठ्ठेचाळीस किलोत उतरणार होती ती त्याच हुकच्या भरवशावर. वर्षभर तिनं तेवढाच घोटला होता. समोर दोन वर्षं जिंकत आलेली पोरगी. भीती वाटली की वैष्णवी म्हणायची, "ज्यानं भुजंग पडला, त्यानं ती काहून न्हाई पडनार?" हा ठोसा आजवर कोणालाच लागलेला नाही, हे तिला इथं रस्त्यात कळलं, तर ती हिंगोलीला पोचायच्या आधीच हरणार होती. सरांना स्वतःची लाज वाटली.

दुकानातून भुजंग जॅक घेऊन आला. आता चांगला नव्वद किलोचा ऐवज झाला होता. त्यानं सरांकडे पाहिलं, ओळखलं, आणि चाकापाशी बसून जॅक लावू लागला.

वैष्णवीनं पाण्याची बाटली उघडली. भुजंगनं मान न वळवता विचारलं, "वजन व्हायचंय का, बाई?"

"व्हय. बारा वाजता."

"मग ठेव ती बाटली. काटा झाल्यावर पी."

सर चपापले. शीतलला मात्र आता दम निघेना. "काका, परभनीच्या फायनलचे भुजंग तुमीच का?"

"कोन्ती फायनल?"

शीतलनं सगळी गोष्ट सांगितली, तिन्ही राउंडसकट. भुजंग हातात पाना धरून ऐकत राहिला. गोष्ट त्याला नवीन होती, पण त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही.

"सर म्हनतेत, तवाचं अठ्ठेचाळीस किलो लोखंडाचं व्हतं आन् आमचं मुरमुऱ्याचं," वैष्णवी म्हणाली. "खरं हाय का, काका?"

सरांना ते ऐकवेना. आपणच सांगून टाकलेलं बरं, असं ठरवून त्यांनी तोंड उघडलं, "पोरींनो, त्या फायनलचं असं झालं की..."

"तू थांब, भागवत," भुजंग म्हणाला. "मार मी खाल्लाय, मी सांगतो." तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि वैष्णवीसमोर उभा राहिला. "दाखव तुझा हुक. भिऊ नको, जवळ ये."

वैष्णवीनं पाय रोवले, कंबर वळवली. मूठ त्याच्या जबड्यापासून बोटभर अंतरावर थांबली.

भुजंगनं जबडा चोळला. "हाच. बराबर हाच. पर तुझ्या सराचा येताना मला दिसला तरी व्हता. तुझा दिसलाच न्हाई."

"म्हंजी आमचं अठ्ठेचाळीस भारी?"

"भारी म्हंजी? दोन्ही इतक्या जवळून पाहिलेला मी एकटाच हाय."

वैष्णवी सकाळपासून पहिल्यांदा हसली. दोघी जीपमध्ये जाऊन बसल्या आणि आतून शीतलच्या "एक, दोन, हुक!" अशा आरोळ्या ऐकू येऊ लागल्या.

सर तिथंच उभे होते. भुजंग नट आवळत होता.

"भुजंगा," सर त्याच्याजवळ वाकून म्हणाले. "लई खोटं बोललो रे तुझ्या नावानं. तू मला काहून सांभाळून घेतलंस?"

"तुला न्हाई सांभाळलं." भुजंगनं पान्यावर जोर दिला. "सत्तावीस वर्षं झाली, गावात मला अजून 'दशमी' म्हनूनच हाका मारून राहिलेत. तुझ्या गोष्टीत निदान तिसऱ्या राउंडपतूर टिकलो की मी."