अर्ध्या चेहऱ्याचा डोळा

"नाही मॅडम, मी नाही येत," दिपिकानं फोनवर सांगितलं, फोन रंगाच्या डब्यांमागे सारला आणि पुन्हा गणपतीचा डोळा आखायला घेतला.

पलीकडे पेणच्या कॉलेजातल्या वृंदा मॅडम होत्या. मुंबईच्या विद्यापीठात इंग्रजीचं एम.ए., त्यातही भाषाविज्ञान, आणि दिपिकाचं नाव पहिल्याच यादीत लागलेलं. प्रवेश नक्की करायची मुदत उद्या संध्याकाळी सहाला संपणार होती. इकडे हमरापूरच्या घरच्या कारखान्यात सातशे गणपती बिनडोळ्यांचे बसले होते. निम्म्यांना तर अजून रंगही लागला नव्हता.

डोळे आखणारी ती एकटीच उरली होती. भाऊ धनेश रोह्याला कंपनीत शिफ्ट करत होता. बाबांचा, म्हणजे कमळाकरचा, हात दोन वर्षांपासून थरथरायला लागला होता. एके काळी त्याच्या आखणीसाठी लोक वाट वाकडी करून यायचे, आणि त्याची ऐटही तशीच. दुसरे कारखानदार कच्च्या, न रंगवलेल्या मूर्ती टेम्पो भरून लावून द्यायचे, तेव्हा हा नाक मुरडायचा. बिनडोळ्यांचा देव त्याच्या दारातून कधी बाहेर पडला नव्हता. आणि एकदा डोळे आखले की ती मूर्ती कारखान्याची राहिली नाही, हाही त्याचाच नियम. खाली गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लावायची आणि दाराशी रांगेत ठेवायची. परत फळीवर न्यायची नाही.

फळीवर कायमचं राहिलं होतं ते एकच, शाडूचं अर्धं डोकं. माणसाचं, मधोमध उभं चिरलेलं. बी.ए.ला ध्वनिशास्त्र सुरू झालं तेव्हा पुस्तकातली जीभ-टाळूची आकृती काही केल्या दिपिकाला उमगेना. कमळाकरनं ती आकृती पाहिली आणि आठवडाभर आरसा नि टॉर्च घेऊन स्वतःच्याच तोंडात डोकावत बसला. जन्मभर गणपती घडवलेला माणूस, सोंडेमागचं तोंड उघडून बघायची वेळ त्याच्यावर आलीच नव्हती. शेजाऱ्यांना वाटलं, याची दाढ दुखतेय. मग त्यानं ओठ, दात, टाळू, पडजीभ, सगळं जागच्या जागी बसवलं. जिभा केल्या चार, काढता-घालता येणाऱ्या. त्या जिभा बदलत बदलत दिपिका इंग्रजीचा एकेक ध्वनी शिकली.

पुढे शब्दांची घडण आली, मग वाक्यांच्या झाडासारख्या आकृत्या आल्या. रंगाच्या खोक्यांच्या पाठीवर दिपिका ती उलटी झाडं काढत बसायची. कमळाकर येताजाता विचारायचा, "मुळं वर कशी गो याची?" ती हसून समजावायची आणि तो मान डोलवायचा, कळलं नाही तरी.

तिला हे सगळं अजून शिकायचं होतं. जीव तुटत होता तिचा त्यासाठी. विद्यापीठात म्हणे एक खोली होती, तिथं आपण बोललेलं पडद्यावर रेघांमध्ये उमटायचं. मॅडमनी सांगितल्यापासून ती खोली तिच्या मनातून जात नव्हती. आपला आवाज दिसतो तरी कसा, या विचारात ब्रश कितीदा हातातच सुकून जायचा.

ते डोकं रंगवून झालं तेव्हा तिनं विचारलं होतं, "बाबा, डोळा आखू याला? आंधळं वाटतंय."

"नको," कमळाकर म्हणाला होता. "डोळा आखला का घालवावं लागंल. राहू दे आपल्याकडं."

फोनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती मॅडमची पुस्तकं परत करायला पेणला गेली. मॅडम रागावल्या नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. "सहापर्यंत मी इथंच आहे, प्रवेश इथूनही नक्की करता येतो," एवढंच त्या म्हणाल्या. येताना रिक्षात तिनं एकदाही घड्याळ बघितलं नाही.

घरी पोचली तर कारखान्यासमोर टेम्पो उभा. आत पेंढ्यात पांढऱ्याफटक मूर्ती, एकीलाही डोळे नाहीत. कुणा दुसऱ्याचा टेम्पो चुकून इथं थांबला असेल असं तिला वाटलं. आत आली तर निम्म्या फळ्या रिकाम्या होत्या. दाराशी तयार गणपतींची रांग होती आणि रांगेच्या शेवटी, कागदात गुंडाळलेलं, तिचं ते अर्धं डोकं. उचलाउचलीत कुणीतरी चुकून इथं ठेवलं, असं म्हणत तिनं ते उचललं आणि फळीकडे वळली.

"तिकडं नको नेऊ," कमळाकर म्हणाला. तो मोरीपाशी पाठमोरा बसून बारीक ब्रश धूत होता.

"बाबा, बाहेर त्या कच्च्या मूर्ती..."

"जाताहेत. रोह्याला एकजण रंगवून घेणार हाय. उरलेल्या धनेश रविवारी येऊन बघंल." त्यानं मागं वळून पाहिलं नाही. "किती वाजले?"

"पाच."

"मग हाय की टायम."

तिनं हातातलं डोकं उलटं केलं. डोक्याखाली चिठ्ठी डकवलेली होती, बाबांच्या मोठ्या, फरफटलेल्या अक्षरात: 'दिपिका, मुंबई.' तिनं वरचा कागद सोडला. जिथं दोन वर्षं नुसती कोरी खोबण होती, तिथं आता काळ्याभोर रंगाचा डोळा होता. पापणीची रेघ दोनदा घसरली होती आणि दोन्ही वेळा पुन्हा धरलेली होती.

"वाकडा झाला," कमळाकर म्हणाला. "पण आखला ना गो. आता ते हितं ठेवता येत नाय."