काचेतला चेंडू

डॅरिन बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे गोलंदाज, म्हणून खेळायला गाव सोडून निघाला, तेव्हा त्याने सही करून दिलेला चेंडू व्हर्लिन न्हाव्याने दुकानात काचेच्या पेटीत मांडला. मग रोज फोनवर त्याच्या खेळाचे आकडे बघून नाक मुरडणं सुरू झालं. पाच वर्षं पोरगा खालच्याच लीगमध्ये घुटमळला, तेव्हा "कसला डोंबलाचा पिचर!" म्हणत व्हर्लिनने तो चेंडू आपल्या कुत्र्यापुढे फेकला.

काल डॅरिनला सगळ्यात वरच्या, मेजर लीगमध्ये घेतलं. आज पेटीत सहीचा चेंडू पुन्हा झळकत होता आणि गिऱ्हाइकं फोटो काढत होती.

"मी पहिल्यापासून सांगत होतो की नाही, अर्ल? जिवापाड जपलाय हा चेंडू!" व्हर्लिन छाती फुगवून खुर्चीतल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला म्हणाला.

 

तेवढ्यात कुत्रा शेपूट हलवत आला आणि डॅरिनच्या सहीचा कुरतडलेला चेंडू त्याने सगळ्यांसमोर मालकाच्या पायाशी ठेवला.