काचेची बाजू

शाल्मलीने काँप्युटरचा कॅबिनेट असा फिरवला, की आतले भाग दाखवणारी काचेची बाजू भिंतीकडे गेली. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या बाबांनी महिनाभर खपून तो जोडला होता आणि त्याच काचेला हळदकुंकू लावून चालू केला होता. वेगळं ग्राफिक्स कार्ड परवडत नव्हतं, म्हणून त्यांनी ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर शोधून आणला. गेम झकास चालत होते. पण कॉलेजात तिने फुशारकी मारली होती, "कार्ड टाकलंय, एकदम भारीतलं!"

रविवारी मैत्रिणी घरी आल्या. खेळून झाल्यावर ऋजुताने कौतुकाने कॅबिनेट वळवला आणि काचेतून आत वाकून पाहिलं. "अगं, तू म्हणालीस ते कार्ड कुठंय? इथं तर जागा रिकामीच आहे!"

पोह्यांचा ट्रे घेऊन आलेले बाबा दारातच थबकले. त्यांनी लेकीकडे एकदा पाहिलं.

"होतं गं," ते म्हणाले, "काल साफ करताना माझ्याच हातून पडलं. कंपनीकडे पाठवलंय."

मैत्रिणी हळहळल्या. शाल्मलीची मान वर होईना. तीस वर्षांच्या कामात बाबांच्या हातून साधा स्क्रूसुद्धा कधी पडला नव्हता.